एवढ्या वर कोण धरतं, अण्णा?

अण्णा, सलाम.

तुमच्याशी बोलायचं तर सुरुवात याच शब्दाने करायला हवी. आपल्या ख्रिस्ती मंडळीत एकमेकांना सलाम म्हणायची जुनी पद्धत बेंगळुरूत तुम्ही जवळजवळ एकट्याने टिकवलीत. बाकी सगळे 'हॅलो' आणि 'गुड मॉर्निंग'वर गेले. तुम्ही मात्र चर्चच्या दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला कपाळाला हात लावून सलाम घालायचात. समोरच्याने 'हाय अंकल' म्हटलं की पुन्हा एकदा घालायचात, जरा मोठ्याने. तो बिचारा शेवटी सलाम म्हणूनच आत शिरायचा.

मागच्या शुक्रवारी तुम्हाला मातीत ठेवून आलो, आणि तेव्हापासून माझं तुमच्याशी भांडण चालू आहे. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, मध्येच. आमच्या ह्यांनी काल विचारलं, "कुणाशी बोलतेस गं?" म्हटलं, "अण्णांशी. गाण्याच्या पट्टीवरून." आपल्या दोघांचा हा विषय ते लग्न झाल्यापासून ऐकत आलेत.

तुमचं दुकान, चर्चमधलं वडीलपणाचं पद, मराठी मंडळाचं अध्यक्षपद, याबद्दल त्या दिवशी लोक भरपूर बोलले. चांगलं बोलले. मी त्यात भर घालत नाही. मला फक्त गाण्याबद्दल बोलायचंय, कारण आपलं ते बोलणं अर्धवट राहिलंय.

आठवतं ना, मी पहिल्यांदा आले तो रविवार? नवीन लग्न झालेलं, मिरजेहून थेट येलहंक्याला. ह्यांची हवाई दलातली नोकरी, क्वार्टर्समध्ये चारी बाजूंना हिंदी. मराठी उपासना कुठे होते म्हणून विचारत विचारत आम्ही शहरात आलो, तर कळलं की महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी दुपारी होते, कन्नड उपासना संपल्यावर आणि तमिळ सुरू व्हायच्या आधी. मधल्या फटीत. कन्नड पाळकांचं प्रवचन लांबलेलं होतं आणि तुम्ही व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतात. बाहेर रेंगाळणाऱ्या प्रत्येकाला हसून सांगत होतात, "ब्रदर, स्वल्प बेग, स्वल्प बेग." म्हणजे जरा लवकर आटपा. कुणाला राग येत नव्हता. त्यातल्या निम्म्यांच्या पोरांचे शाळेचे गणवेश तुमच्याच दुकानातले.

मी पेटी वाजवते हे ह्यांनी तुम्हाला बोलून टाकलं. तुम्ही मला हाताला धरूनच पेटीपाशी नेऊन बसवलंत. मी आपली काळी एक दिली, सगळ्यांना झेपेल अशी. तुम्ही पहिल्या बाकावरून उठलात, डोळे मिटलेत, आणि गीत उचललंत ते थेट काळी तीनमधून. पट्ट्यांची नावं तुम्हाला शेवटपर्यंत कळली नाहीत, म्हणून तुमच्या धंद्याच्या भाषेत सांगते: मी चौथीतल्या पोराच्या मापाचा शर्ट काढून ठेवला होता, आणि तुम्ही दहावीचा आणलात. तिसऱ्या कडव्याला पुरुषांच्या माना ताणल्या होत्या, दोन आज्जी नुसत्या ओठ हलवत होत्या, आणि मी घामाघूम होऊन पेटीवर सूर शोधत होते.

उपासना संपल्यावर तुम्ही म्हणालात, "पोरी, पेटी छान वाजवतेस. फक्त तिला जरा वर चढायला शिकव."

"पेटी चढेल हो अण्णा," मी म्हटलं. नवी नवरी होते, तरी राहवलं नाही. "माणसं चढत नाहीत. एवढ्या वर कोण धरतं?"

"चढतात. स्वल्प ताणावं लागतं."

तिथून जे सुरू झालं ते परवापर्यंत. दर दुसऱ्या रविवारी मी खालची पट्टी देऊन ठेवायची आणि तुम्ही ती ऐकलीच नाही असं दाखवून वरून धरायचात. एकदा तर पाळकांनी पहिलं गीत सांगायच्या आधीच मी ते पेटीवर वाजवायला घेतलं, म्हटलं आता कुठे जाताय. तुम्ही शांतपणे माझी ओळ संपू दिलीत, 'आमेन' म्हणालात आणि तेच गीत वरून सुरू केलंत. मंडळाच्या गणपतीतही तुमचं तेच. आरतीला मागे हात बांधून अदबीने उभे राहायचात, प्रसाद घ्यायचात, आणि मग सेक्रेटरींना बाजूला घेऊन सांगायचात, "सगळं उत्तम झालं, फक्त आरती जरा खाली धरली." ते बिचारे मला येऊन विचारायचे, "वहिनी, खाली म्हणजे किती हो?"

तुमच्याशी भांडायला मजा यायची, हे आता लिहायला हरकत नाही. तुम्ही आवाज चढवत नव्हतात. गाताना तेवढा चढवायचात.

तुमचं जयनगरचं दुकान मला चर्चहूनही जास्त आवडायचं. शाळा उघडायच्या दिवसांत तिथे उभं राहायला जागा नसायची. चर्चच्या क्वायरचे झगेसुद्धा तुम्ही शाळेच्या स्कर्टच्या उरलेल्या मरून कापडाचे शिवून दिले होतेत, त्यामुळे नाताळात आमचा क्वायर एखाद्या कॉन्व्हेंटच्या दांडगट मुलींसारखा दिसायचा. सगळ्यात वरच्या फळीवर तुम्ही कुणी विचारत नाही अशा मापांचे कपडे ठेवलेले असायचे. फार मोठे, फार लांब, फार बारीक. तुमचा सेल्समन कुरकुरायचा, की अण्णा, हे वर्षानुवर्षं धूळ खातंय.

मी एकदा दुकानात होते तेव्हा एक बाई मुलीला घेऊन आली. सातवी-आठवीतली पोर, पण चांगली ताडमाड वाढलेली. चार दुकानांतून 'या मापात नाही' ऐकून आलेली, त्यामुळे खांदे पाडून उभी. आईच कन्नडमधून आधी म्हणाली, की नसेलच तुमच्याकडे. तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. "बा पुट्टी, बा," असं त्या एवढ्या उंच पोरीला लहान बाळासारखं बोलावलंत, स्वतः स्टुलावर चढलात, आणि वरच्या फळीवरून पिनाफोर काढून दिलात. ती तो घालून आरशासमोर आली तेव्हा सरळ उभी होती. ती गेल्यावर तुम्ही सेल्समनला एवढंच म्हणालात, "सगळ्यांच्या मापाचे कपडे समोरचा पण ठेवतो रे."

मला तेव्हा ते धंद्याचं बोलणं वाटलं.

आता तुमच्या मालनक्कांबद्दल. त्या खिडकीजवळ दुसऱ्या बाकावर बसायच्या. मी आले त्याच्या आधीच त्यांचं घशाचं ऑपरेशन झालेलं होतं, बोलायच्या तेही कुजबुजल्यासारखं. गीत सुरू झालं की त्या पुस्तक न उघडता ओठ हलवायच्या आणि अधूनमधून तुमच्याकडे बघून हसायच्या. मला वाटायचं, नवरा बेसूर व्हायला लागला की हसतात. त्या गेल्या तेव्हा तुम्ही पुढच्याच दुसऱ्या रविवारी आलात, उभे राहिलात, आणि तिथूनच धरलंत. त्या दिवशी मी पेटीवर आपणहून काळी तीन दिली होती. तुम्ही ते लक्षात घेतलंत की नाही, कोण जाणे. पुढच्या महिन्यात मी परत खाली आले.

गेल्या काही वर्षांत आपली मंडळी आणखी रोडावली. जुनी घरं मुलांकडे अमेरिकेला गेली. पुण्या-नागपुराकडची नवीन आयटीतली मुलं येतात, पण मागे बसतात, मोबाइलवर गीताचे शब्द शोधतात आणि तोंड जेमतेम उघडतात. चर्च कमिटीत कुणीतरी सुचवलं की मराठी उपासना आता बंदच करू, इंग्रजीतच एखादं मराठी गीत घालू. तुम्ही त्या मीटिंगमध्ये उभे राहून काय बोललात ते मला पाळकांकडून कळलं. पण मी तुम्हाला जे सांगितलं तेही तुम्ही ऐकलंत. मी म्हटलं, "अण्णा, उपासना टिकवायची असेल तर पट्टी खाली आणा. लोक गायला लागतील तरच येतील." तुम्ही नुसते हसलात.

आणि मग आपला शेवटचा दुसरा रविवार.

तुम्ही नेहमीसारखे उठलात, डोळे मिटलेत, पहिला शब्द उचललात आणि आवाज फुटला. तुम्ही पुन्हा धरायला गेलात, पुन्हा फुटला. मग तुम्ही माझ्याकडे बघून हाताने खूण केलीत, की चालू दे, आणि खाली बसलात. मी काळी एक दिली. अण्णा, खरं सांगते, इतकी वर्षं ज्यासाठी भांडले ते त्या दिवशी ऐकलं. मागच्या बाकांवरून आवाज आला. पुरुष गायले. पाळकसुद्धा गायले, ज्यांचा गाण्यातला आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझा ऊर भरून आला होता, आणि त्यात 'बघा, मी काय सांगत होते' हेही होतंच.

रिक्षातून परत येताना मी गप्प बसायला हवं होतं. पण मी कसली बसते.

"झालं ना छान?"

"झालं," तुम्ही म्हणालात.

"सगळ्यांनी म्हटलं, अण्णा. सगळ्यांनी."

तुम्ही बाहेर बघत होतात. "सगळ्यांनी नाही."

"तुम्ही नाही म्हटलंत, ते दिसलं मला," मी म्हटलं. "पुढच्या वेळी बसून म्हणा माझ्याबरोबर. कमीपणा नाही त्यात."

तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत. काहीतरी सांगायच्या बेतात होतात. तेवढ्यात तुमचं घर आलं. उतरताना म्हणालात, "पुढच्या वेळी बोलू. सरी?"

"सरी," मीही तुमच्या कन्नडमध्ये हो म्हटलं.

पुढची वेळ तुम्ही येऊ दिली नाहीत. दुपारी खुर्चीत पेपर वाचता वाचता गेलात, असं तुमचा मुलगा प्रदीप सांगत होता. भाग्यवान माणसाचं मरण, सगळे म्हणत होते. असेल. मला मात्र तुमचा राग आला होता. वाद असा अर्ध्यात टाकून जाणं तुमच्या स्वभावात नव्हतं.

चर्च इतकं भरलं होतं की लोक अंगणात उभे होते. शाळांच्या मुख्याध्यापिका, जयनगरचे दुकानदार, मंडळातली सगळी मराठी घरं, तमिळ आणि कन्नड मंडळी. म्हणून प्रदीपने उपासना इंग्रजीत ठेवली, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बाहेर पडताना तो माझ्याजवळ आला. डोळे सुजलेले. म्हणाला, "सुनीता आंटी, सिमेटरीत एक मराठी साँग घेऊ या का? अप्पांचं ते फेव्हरेट. पण हार्मोनियम नाही नेता येणार. तुम्ही स्टार्ट कराल?"

मी हो म्हटलं. गीत उचलायचं काम माझं कधीच नव्हतं. मी पेटीमागे बसणारी बाई. आणि आता या सगळ्या परक्या भाषांच्या गर्दीत, कमिटीच्या लोकांसमोर, आपलं एकुलतं एक मराठी गीत. ते भरून उठलं तर उपासनेला कुणी हात लावणार नाही. मिणमिणत संपलं तर तिचाही तोच शेवट. मी ठरवलं, काळी एक. सगळ्यांना झेपेल अशी. तुमच्या उशाशीच तुमच्यावर मात करायची म्हणजे जरा वाईट वाटत होतं, पण करणार होते.

सिमेटरीत जाताना गाडीत माझ्या शेजारी तुमची बहीण बसली होती, रत्नाक्का. त्यांना मी म्हटलं, "अण्णांच्या पट्टीत मला जमायचं नाही बाई. मी खालूनच धरते."

"ती पट्टी कुठे होती गं त्याची?" रत्नाक्का म्हणाल्या. "त्याचा आवाज पहिल्यापासून ढालाच, खालचा. ती मालनची."

"मालनक्कांची?" मी विचारलं.

"मालन बोर्डिंगात वाढलेली. आवाज असा वरचा, की खाली गायचं म्हटलं तर शब्दच फुटायचा नाही. लग्न होऊन आली आणि इथल्या बायकांत गप्प बसायला लागली. मग हा मुद्दाम वरून धरायला लागला. बाकीच्यांना जमो न जमो. तिला मग गावंच लागायचं." त्यांनी पदराने नाक पुसलं. "ऑपरेशननंतर मी त्याला म्हटलं, आता तरी खाली ये. तर म्हणे, ती ओठ हलवते ना, तिला कळतं."

अण्णा, हे तुम्ही मला एकदाही सांगितलं नाहीत. मी तुम्हाला हट्टी म्हटलं, तुमची नक्कल केली, तुमच्या समोर केली, आणि तुम्ही सगळ्यांबरोबर हसलात. एवढं बोलणारा माणूस, आणि नेमकं हेच पोटात ठेवलंत.

तुमच्या मालनक्कांच्या शेजारी तुमची जागा उघडून ठेवली होती. पाळकांची प्रार्थना झाली, त्यांनी माझ्याकडे मान वळवली. समोर कमिटीची माणसं उभी होती. मी डोळे मिटले आणि धरलं ते तुमच्या पट्टीतून. कसं धरलं मला माहीत नाही.

पहिली ओळ मी एकटीनेच म्हटली. दुसऱ्या ओळीत गीत आणखी वर जातं, तिथे माझा आवाज चिरकला, तुमचा चिरकला तसाच. मी थांबले असते. पण माझ्या मागून एक आवाज आला. बारीक, स्वच्छ, अजिबात न ताणलेला, जणू त्याला तिथेच राहायचं होतं. मी वळून बघितलं. श्वेता. ती नागपूरची पोर, इंदिरानगरला नोकरी करणारी, शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसणारी, जिला तुम्ही दर वेळी "काय नागपूर, जेवण झालं का?" म्हणून विचारायचात. ती गात होती आणि आम्ही सगळे तिच्या मागून ओढत चाललो होतो. रत्नाक्का, आमचे हे, पाळक, मंडळातली माणसं. आम्ही बेसूर होतो, धापा टाकत होतो, पण चारही कडवी म्हटली. माती टाकायला आलेली माणसं फावडी टेकून ऐकत राहिली.

नंतर मी तिला गाठलं. "अगं, इतकी वर्षं... इतके महिने येतेस, कधी ऐकू आली नाहीस!"

"मागे बसते ना काकू, हळू म्हणते. अंकल एवढे लाउड असायचे, त्यात ॲडजस्ट होऊन जायचं." मग जरा घुटमळून म्हणाली, "लास्ट टाइमला मात्र म्हणताच नाही आलं मला. एकदम लो होतं. मी नुसती उभी होती. अंकलनी वळून पाहिलं पण माझ्याकडे."

सगळ्यांनी नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. मी समजले, तुम्ही स्वतःबद्दल बोलताय.

तर अण्णा, वाद तुम्ही जिंकलात असं मी अजिबात म्हणणार नाही. तुमच्या पट्टीत पुरुष मंडळी गात नाहीत ही गोष्ट खरीच आहे, आणि ती मी वर आल्यावरही तुम्हाला ऐकवीन. पुढच्या दुसऱ्या रविवारी पहिलं गीत वरून, दुसरं खालून, असं मी ठरवून टाकलंय. पाळक सरी म्हणालेत, कमिटीनेही तूर्त विषय बाजूला ठेवलाय. पहिलं गीत उचलायला श्वेताला सांगितलंय. ती नको नको म्हणत होती, पण येणार आहे. मला तुमची फार आठवण येते. व्हरांड्यात येरझाऱ्या आता मलाच घालाव्या लागणार.

त्या दिवशी सिमेटरीच्या फाटकापाशी तिची रिक्षा आली. ती हात हलवून म्हणाली, "बाय काकू."

मी कपाळाला हात लावून सलाम घातला. तिला काही कळलं नाही, ती नुसती हसली. म्हणून मी पुन्हा घातला, जरा मोठ्याने.

"सलाम, काकू," ती म्हणाली.